एकच रेघ

११ फेब्रुवारी, बुधवार

आज ड्यूटीवर गेल्या गेल्या मॅडमनी सगळ्या स्टाफला लॅबच्या बाहेर उभं केलं. ऑपरेशन थिएटरच्या कपाटातली मॉर्फिनची इंजेक्शनं कमी येताहेत. महिन्याभरात पाच. चावी सिस्टर लोकांकडे असते, म्हणून सिस्टर, वॉर्डबॉय, आया, सगळ्यांची लघवी तपासायची असं ठरलं. आमचं भोरचं हॉस्पिटल तीस खाटांचं, सर आणि मॅडम या डॉक्टर नवराबायकोचं, त्यामुळे रांग काही मोठी नव्हती. सर तेवढे ओपीडीत होते.

लॅबमधला गोरख बाटल्या देत होता. म्हणाला, "ताई, घाबरू नका. पट्टीवर दोन रेघा आल्या की झालं. एकच आली तर सापडलं समजायचं." माझी बाटली मी रुमालात झाकून नेली, कारण रंग. गोरखने बघितलाच. "एवढी केशरी?" मी म्हटलं, पाणी कमी पिते.

खरं कारण सांगायचं तर डिसेंबरपासूनचं सगळं सांगावं लागेल. मानेला गाठ आली, तपासली, टीबी निघाला. गाठीचा आहे, छातीचा नाही, तो कुणाला लागत नाही. पण टीबी हा शब्द ऐकल्यावर पुढचं कोण ऐकतं? म्हणून भोरला नाव न घालता वेल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या आणते. रोज उपाशीपोटी तीन तांबड्या गोळ्या, आणि त्यांच्यामुळे लघवी अशी. नवरा, स्वरूप, सोडून कुणाला माहीत नाही.

निकाल उद्या.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

माझ्या पट्टीवर एकच रेघ आली. बाकी सगळ्यांच्या दोन.

अश्लेषा मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. सर शेजारच्या खुर्चीत बसले होते. एवढ्या उकाड्यातही फुल शर्ट, घाम आलेला. बरं नसतं त्यांना आजकाल. मॅडम म्हणाल्या, "सुलक्षणा, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." मी म्हटलं, मॅडम, मी आयुष्यात नाही घेतलं. पुन्हा तपासा. त्या म्हणाल्या, "दोनदा तपासलंय. पोलिसांत देत नाही, ते तुझ्या मुलीकडे बघून. उद्यापासून येऊ नकोस."

मी सरांकडे बघितलं. याच सरांनी माझं बाळंतपण केलं होतं, रेवाची नाळ अडकली तेव्हा रात्रभर बसून होते. ट्रेनिंग संपल्यावर पहिली नोकरी त्यांनीच दिली. सर टेबलावरच्या काचेकडे बघत होते. एवढंच म्हणाले, "जाऊ दे, अश्लेषा. आवाज नको चढवू."

चाव्यांचा जुडगा ठेवून निघाले. 

१४ फेब्रुवारी, शनिवार

स्वरूप शिरवळच्या कंपनीतून सकाळी आला. फोनवर मी त्याला सगळं सांगितलं होतं. चहा संपवला. मग म्हणाला, "हात दाखव."

"अहो, काय बोलताय?"

"दाखव म्हटलं ना."

मी दोन्ही बाह्या वर केल्या. खिडकीच्या उजेडात त्याने कोपरापाशी निरखून बघितलं, बोटानं दाबून बघितलं. मी सलाईन लावताना पेशंटची शीर बघते तसं. काही नव्हतंच. हात सोडून म्हणाला, "मला माहीत होतं. पण एकदा बघितलेलं बरं."

माहीत होतं तर बघितलं कशाला, हे मी विचारलं नाही. सहा वर्षं झाली लग्नाला.

१८ फेब्रुवारी, बुधवार

गुंजवण्याला आले. रेवा इथं आत्यांकडे असते. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, बाळाबाई. आम्हा दोघांच्या ड्यूट्या, भोरला पोरीला कुणाकडे ठेवणार? चार वर्षांची आहे, इथल्याच अंगणवाडीत जाते. मला बघून धावत आली आणि पायाला मिठी मारली ती सोडेचना.

आत्या म्हणाल्या, "मधीच कशी आलीस? आज काय सण न्हाई, वार न्हाई."

"रजा टाकलीय."

"किती दिस?"

"बघू."

"बघू म्हंजी? दवाखान्यात बघू म्हणून रजा देत्यात व्हय?" मग माझ्याकडे नीट बघून म्हणाल्या, "लई वाळलीस गं. खात जा की काही."

गोळ्या मी पर्समध्ये साडीच्या पिनांच्या डबीत ठेवल्यात. सकाळी गोठ्यामागे जाऊन घेते.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

हायवेवरच्या एका नव्या हॉस्पिटलला सिस्टर पाहिजेत असं कळलं होतं. आज फोन केला. आधी तिथल्या बाई खूष झाल्या, उद्याच या म्हणाल्या. दुपारी त्यांचाच फोन आला, "जागा भरली." सकाळी रिकामी असलेली जागा दुपारपर्यंत कशी भरली? मॅडमना फोन गेला असणार. आता मी कुठंही अर्ज केला तरी तो फोन जाणारच.

२३ फेब्रुवारी, सोमवार

वेल्ह्याला गोळ्या आणायला गेले. टीबीचं काम बघणारे कुंडलिकभाऊ वजन करतात, कार्डावर लिहितात. दोन किलो कमी भरलं. "ताई, औषध वेळेवर चाललंय ना? मग वजन का उतरतंय?" मी म्हटलं, ऊन. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेन खिशाला लावलं. "आजार लपवून बरा होतो, पण माणूस नाही होत बरं. घरात सांगा कुणाला तरी."

मी हसले. त्यांना काय सांगणार, की आता आजार ही माझी सगळ्यात लहान अडचण आहे.

येताना एसटीत विचार करत होते. पट्टी खोटं कशी बोलेल? आम्हीच पेशंटला सांगतो ना, रिपोर्टमध्ये आलंय म्हणजे आहे. एका क्षणी तर वाटलं, माझ्याच हातून कधी काही झालं असेल का? इंजेक्शन भरताना सांडलं, हाताला लागलं, अंगात गेलं? असं होत नाही हे मला माहीत आहे. तरी घरापर्यंत तेच डोक्यात.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

उशीर झालाय, तरी आजच लिहिते.

काल गोरखचा फोन आला. "ताई, कापूरहोळला याल का? फोनवर नको." आज गेले. फाट्यावरच्या धाब्यात मागच्या टेबलावर बसला होता, हेल्मेट मांडीवर. हॉस्पिटलमधलं कुणी दिसेल म्हणून सारखा रस्त्याकडे बघत होता.

त्याने खिशातून एक घडी केलेला कागद काढला. पट्ट्यांच्या खोक्यात माहितीचा कागद असतो ना, तो. मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. एका ओळीखाली त्याने पेनाने रेघ मारली होती. काही औषधं चालू असतील तर पट्टी खोटं दाखवू शकते, म्हणून निकालाची दुसऱ्या पद्धतीने खात्री करावी, असं होतं. पुढे औषधांची नावं. चौथं नाव रिफाम्पिसीन.

तेच माझ्या पाकिटावर छापलंय. रोज सकाळी बघते.

"ताई, मला विचारायचं नाही," गोरख म्हणाला, "पण तुमचा नमुना केशरी होता. माझ्या मामाला टीबी झालेला तेव्हा त्याची तशीच व्हायची. म्हणून मी तो कागद वाचला. आधी वाचायला पाहिजे होता. चुकलं माझं."

मला रडू आलं. धाब्यावरचा पोऱ्या पाणी ठेवून गेला. मी विचारलं, आता पुन्हा तपासलं तर? तो म्हणाला, "आताचा नमुना देऊन उपयोग नाही. मॅडम म्हणतील, दोन आठवड्यांत अंगातून निघून गेलं. पण तुमची तीच बाटली मी टाकली नाही. सील करून फ्रीजरला ठेवलीय. पुण्याच्या मोठ्या लॅबला पाठवली तर मशीनवर खरं कळेल. फक्त हॉस्पिटलची सही लागेल."

जाताना म्हणाला, "माझं नाव नका घेऊ. आणि अजून एक. तुम्ही नसताना परवा आणखी एक कमी आलंय."

म्हणजे चोर आतच आहे. येताना सगळ्या सिस्टरांचे चेहरे एकेक करून डोळ्यांपुढे आणले. एकीवरही संशय घेववला नाही. वॉर्डबॉयकडे चावी नसते. मग उरलं कोण?

२८ फेब्रुवारी, शनिवार

स्वरूप गावाला आला, त्याला कागदाचं सांगितलं. म्हणतो, मॅडमना टीबीचं कार्ड दाखवायचं नाही.

"आईला कळलं तर रेवाला तुझ्याजवळ येऊ देईल का? तिच्या बहिणीची सून टीबीनंच गेली. तिला काय गाठीचा नि छातीचा समजावणार?"

"मग मी चोर म्हणून राहू?"

"गावाला कुठं माहितीय तू चोर आहेस ते?"

बोलून गेला. मी भाजी चिरत होते, ती चिरत राहिले.

२ मार्च, सोमवार

कार्ड दाखवलं.

स्वरूपला न सांगता गेले. कार्ड, गोळ्यांचं पाकीट आणि तो कागद मॅडमच्या टेबलावर ठेवला. कागद कुठून आणला विचारलं, तेव्हा इंटरनेटवरून मिळाला म्हटलं. केबिनमध्ये रत्नामावशी फरशी पुसत होत्या. त्या गुंजवण्याच्याच आहेत, हे मला कार्ड ठेवताना सुचलं नाही. मावशींना बाहेर पाठवा, असं मॅडमना सांगायला हवं होतं.

मॅडमनी कार्ड बोटाच्या टोकाने वळवलं. "टीबी? आणि तू पेशंटमध्ये वावरत होतीस?"

"मॅडम, गाठीचा आहे. तो लागत नाही. तुम्हालाही माहीत आहे."

"मला माहीत आहे गं. लोकांना कोण सांगणार?"

तेवढ्यात सर आले. खूप उतरलेत. मी त्यांना सगळं सांगितलं, नमुना ठेवलेला असेल तर पुण्याला पाठवा म्हणून हात जोडले. मॅडम नको म्हणत होत्या. पण सरांनी तिथंच लेटरहेड घेतलं आणि सही केली. हात इतका थरथरत होता की सही ओळखू येईना. "पाठवा, पाठवा. त्यांच्या नमुन्यात काही निघणार नाही." मॅडमनी त्यांच्याकडे बघितलं, मग पटकन खिडकीकडे.

एवढा विश्वास! सगळं जग एकीकडे आणि सर माझ्या बाजूने. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी पायांना हात लावायला वाकले तर दोन पावलं मागे सरले. "नको, सिस्टर. माझ्या पाया नका पडू."

४ मार्च, बुधवार. धुळवड

गावाला कळलं.

मी रेवाला रंग लावत होते. आत्या शेजारून आल्या आणि तिला माझ्या मांडीवरून उचलून घेतलं. पोरगी हसतच होती, तिला खेळ वाटला.

"रत्नी म्हनती ते खरं हाय?"

मी म्हटलं, आत्या, तो गाठीचा आहे. लागत नाही. औषध चालू आहे, जूनमध्ये संपेल.

"माज्या बहिनीची सून पन असंच म्हनायची. लागत न्हाई, लागत न्हाई." आवाज चढवला नाही त्यांनी. "म्या तुला वाईट म्हनत न्हाई, सुलक्षणा. पर नात माजी येकच हाय. तू भोरला ऱ्हा. बरी झाली की ये."

माझं ताट, तांब्या आणि पोरीला पांघरायची माझी जुनी साडी त्यांनी पिशवीत घालून दिली. डब्यात पुरणाच्या पोळ्याही दिल्या. ते बघून जास्त रडू आलं.

रेवाच्या गालावर माझ्या बोटांचा रंग होता. आत्या पदराने पुसत होत्या.

१२ मार्च, गुरुवार

कुंडलिकभाऊंना सगळं सांगितलं. ऐकून ते त्याच दिवशी मोटारसायकलवर गुंजवण्याला निघाले, मी मागे बसून. आत्यांनी त्यांना बसायला दिलं, चहा दिला. अर्धा तास त्यांनी समजावलं, चित्रं दाखवली. आत्या मान हलवत होत्या. "व्हय. कळलं. सायेब बरूबर सांगत्यात."

निघताना मी विचारलं, मग रेवाला घेऊ का जरा? आत्या म्हणाल्या, "आत्ता नको. निजलीय."

आतून तिचा गाण्याचा आवाज येत होता. कुंडलिकभाऊंनी मोटारसायकलला किक मारली. धरणाचं वळण आलं. मग ते म्हणाले, "मी दर महिन्याला येतो ताई त्यांच्याकडे." चांगला माणूस आहे. पण त्याच्याकडेही फक्त चित्रंच आहेत.

१९ मार्च, गुरुवार. पाडवा

स्वरूप एकटाच गावाला गेला. त्याने व्हिडिओ कॉल लावला, त्यात रेवा दिसली. नवा फ्रॉक, गळ्यात साखरेची गाठी. म्हणाली, "आई, तुझी गाठ बरी झाली का?"

कुणी सांगितलं असेल तिला? मी गाठी या शब्दावरून काहीतरी चेष्टा केली. ती हसली. मग फोन कट झाला.

पुण्याचा रिपोर्ट अजून नाही. गोरखला रोज विचारते. तो बिचारा रोज "उद्या" म्हणतो.

२५ मार्च, बुधवार

रिपोर्ट आला. मॉर्फिन नाही. त्या जातीचं काहीच नाही. माझ्या औषधामुळे पट्टी फसली असावी असंही खाली लिहिलंय.

तीन आठवडे मी या कागदाची वाट बघितली. वाटलं होतं, हातात आला की ओरडेन. तसं काही झालं नाही. मॅडमच्या केबिनमधल्या स्टुलावर बसले आणि पाणी मागितलं.

मॅडमनी एक पत्र दिलं. 'तांत्रिक कारणामुळे झालेल्या गैरसमजाबद्दल खेद आहे. कामावर रुजू व्हावे.' चोरी, नशा, हे शब्द कुठंच नाहीत. मी म्हटलं, हे नोटीस बोर्डावर लावाल का? तेव्हा तपासलं तर सगळ्यांसमोर होतं.

"कशाला उकरून काढायचं? लोक विसरलेत."

"आणि त्या हायवेच्या हॉस्पिटलला फोन...?"

"कुठलं हॉस्पिटल?" मॅडम म्हणाल्या आणि फाईल उघडली.

पत्राची घडी पर्समध्ये ठेवली. स्वरूपने वाचलं, दोनदा वाचलं, मला जवळ घेतलं. "सुटलीस," म्हणाला. आत्यांना फोनवर सांगितलं, सुलक्षणाचं नाव साफ झालं. पलीकडून विचारलं, "कशातनं?" त्यांना चोरीचं माहीतच नव्हतं. त्यांना फक्त टीबी माहीत आहे.

१ एप्रिल, बुधवार

रुजू झाले. सिस्टर रूममध्ये गेले की बोलणं थांबतं. माझा कप वेगळा ठेवलाय, कुणी ठेवला कळलं नाही. एक नवीन मुलगी आहे, तिने दुसरीला विचारलं, "त्याच ना या, इंजेक्शनवाल्या?" मी पत्र काढून दाखवावं का? रोज, प्रत्येकाला?

सरांनी मात्र आल्या आल्या थिएटरच्या कपाटाची चावी माझ्याच हातात दिली. सगळ्यांसमोर म्हणाले, "यापुढे मॉर्फिनचं रजिस्टर सुलक्षणा सिस्टर बघतील." बाकीच्या एकमेकींकडे बघायला लागल्या. मला भरून आलं. याहून मोठं पत्र कुठलं?

१० एप्रिल, शुक्रवार

दुपारी ड्यूटी संपवताना कपाट मोजलं. रजिस्टरला अकरा, कपाटात दहा. पुन्हा मोजलं. रॅक पुसून बघितला. सकाळी मी स्वतः अकरा मोजली होती, आणि आज ऑपरेशन एकही नव्हतं. चावी माझ्याकडून एकदाच गेली होती. सरांनी मागितली होती, भुलीचं औषध बघायचंय म्हणून.

त्यांना सांगायला गेले. कपडे बदलायच्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मी टकटक केली नाही, घाईत होते. सर बाकावर भिंतीला टेकून बसले होते. डावी बाही वर होती.

 त्यांनी डोळे उघडले, बाही खाली ओढली. घाई नव्हती त्यात काही. मला तुम्ही बघितलंत हे मला कळलंय, असं तोंडावर होतं.

"सिस्टर, एक फुटलं माझ्या हातून. लिहा तसं."

फुटलं तर काचा पाकिटात घालून रजिस्टरला लावायच्या असतात. मी विचारलं, "सर, काचा?"

"झाडून गेल्या असतील."

 मग ते अगदी हळू म्हणाले, "तुमचा नमुना मीच पाठवला होता ना, सुलक्षणा?" धमकी नव्हती ती. मागणं होतं. रेवाच्या वेळी "धीर धर, पोरी" म्हणाले होते, तोच आवाज.

रजिस्टर उघडून बसले. 'एक कमी' असं लिहिलं तर मॅडम आधी कुणाकडे बघतील, हे मला माहीत होतं. सरांचं नाव घेतलं तर माझ्या शब्दाला कोण विचारणार? एकदा सापडलेली, आजार लपवलेली बाई. पत्रातही 'गैरसमज' एवढंच आहे. आणि खरं सांगायचं तर, मला ते माणूस म्हणून बुडालेले बघवले नाहीत. फेब्रुवारीत हे सगळं त्यांना माहीत होतं. मी हात जोडले तेव्हाही माहीत होतं. तरी बघवले नाहीत.

'हाताळताना फुटले. एक.' वेळ टाकली. सही केली. साक्षीदार म्हणून नवीन मुलीने न बघता सही केली.

घरी येऊन वही काढली. स्वरूप विचारतोय काय झालं. काही नाही म्हटलं.

फुटलं नव्हतं. हे निदान या वहीत लिहून ठेवते. तिथंही अक्षर माझंच आहे, इथंही.

उद्या सकाळची ड्यूटी आहे.